साडेसहा हजारांचा उजेड

गॅरेजमधल्या ट्यूबचा स्टार्टर आपण स्वतः बदलायचा, त्यासाठी माणूस बोलवायचा नाही, असं वेलांटीरावांनी एका शनिवारी ठरवलं. त्यांनी ठरवलं ते एवढंच. पुढच्या तीन आठवड्यांत जे काही झालं ते आपोआप झालं, असं ते अजूनही सांगतात.

वेलांटीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात प्रुफं तपासायचे, आणि एकदा एका शब्दातली वेलांटी पहिली की दुसरी एवढ्यावरून त्यांनी चालू मशीन पाऊण तास थांबवलं होतं. (वेलांटी त्यांचीच बरोबर निघाली, पण तोवर छापखान्यानं त्यांना नाव ठेवून टाकलं होतं. दोन्ही अर्थांनी.)

त्यांच्या गॅरेजमध्ये दोन ट्यूबलाइट होत्या. त्यातली एक लागायचीच नाही आणि दुसरी लागावं की नाही याचा विचार करत राहायची. बटण दाबलं की आधी चोक गुणगुणायचा, मग ट्यूबची टोकं लालसर व्हायची, मग ती आठ-दहा वेळा पापण्या फडफडवायची, आणि एकदाची लागली की तिचा उजेड गाडीच्या टपापर्यंत यायचा. तिथून खाली उतरायचं त्याच्या जिवावर यायचं. मागची भिंत आणि तिथलं लोखंडी रॅक तर कित्येक वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं.

एरवी हे चाललं असतं. पण त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची, आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी तिनं उठावाचा नकाशा करायला घेतला होता. सात फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडवर कागदाच्या लगद्याचे डोंगर, पठारं, नद्यांची खोरी, आणि एका बाजूला समुद्र. घरात एवढी जागा फक्त गॅरेजमध्ये होती. संध्याकाळी गाडी बाहेर काढायची आणि तिनं आत डोंगर रंगवायचे, असं चाललं होतं.

त्या शनिवारी वेलांटीरावांनी स्टुलावर चढून नवा स्टार्टर बसवला. ट्यूब लागली. फक्त आता ती लागल्यावरही पापण्या फडफडवायची थांबेना. "होईल थोड्या वेळानं शांत," ते म्हणाले. बायकोनं त्या उघडझाप उजेडात दोन तास बसून समुद्र रंगवला. खोल पाण्याला गडद निळा, उथळ पाण्याला फिकट, मध्ये पाच छटा.

रविवारी सकाळी नकाशा बाहेर उन्हात आणला तर समुद्र हिरवा होता.

"हे शेवाळं आहे का?" वेलांटीरावांनी विचारलं. त्यांना खरोखर माहिती हवी होती, पण बायकोला ते तसं ऐकू आलं नाही.

नेमकी त्याच वेळी बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, आली. दोन गल्ल्या सोडून तिचं घर होतं. तिनं समुद्र पाहिला, बहिणीचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "आमच्याकडे घेऊन चल. ह्यांनी गॅरेजमध्ये नवे एलईडी लावलेत. दिवसासारखा उजेड पडतो."

'ह्यांनी' म्हणजे वेलांटीरावांचे साडू. ते दातांचे डॉक्टर होते. उंच, टापटीप, आणि त्यांचे दात असे की हसले म्हणजे समोरच्यानं आपलं तोंड मिटून घ्यावं. त्यांच्याबद्दल वेलांटीरावांची एकच तक्रार होती, की त्यांच्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती. अर्ध्या तासात डॉक्टर स्वतःची गाडी घेऊन आले, टपावर जुनी गादी टाकून त्यावर नकाशा बांधला, आणि समुद्र, पठारं आणि बायको असं सगळं घेऊन गेले.

त्या दिवसापासून बायको रोज शाळेतून आली की चहा पिऊन ताईकडे जायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. परत येताना बातम्या आणायची.

"भाऊजींच्या गॅरेजमध्ये सावलीच पडत नाही हो. हात मध्ये आला तरी ब्रशचं टोक दिसतं."

"माणसाची सावली पडलेली बरी असते," वेलांटीराव म्हणाले.

"बटण दाबलं की लगेच लागतात. थांबायला नको, गुणगुण नाही."

"गुणगुण मला आवडते. सोबत वाटते."

"आणि भाऊजी म्हणत होते, ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडून बाहेर जायचं."

"आपली कुठे फुटते आहे? ती धड लागतसुद्धा नाही."

बायको हसली आणि ताट घेऊन आत गेली. वेलांटीराव तिथेच बसून राहिले. पूर्वी ती हसायची तेव्हा तो विनोद त्यांनी केलेला असायचा. आताही त्यांनीच केला होता, हे खरं. पण ती येतानाच हसत आली होती, आणि ते हसू दोन गल्ल्यांपलीकडचं होतं. हा हिशेब ते रात्रभर मनात मांडत राहिले.

आठव्या दिवशी ते तिला आणायला म्हणून गेले. (ती रोज आपली आपण यायची. पण माणसाला पाय मोकळे करावेसे वाटू शकतात.) डॉक्टरांचं गॅरेज दोन गाड्यांचं होतं. छताला चार एलईडी पट्ट्या, शांत, एकसारख्या, पांढऱ्या. जमीन राखाडी रंगवलेली. भिंतीवर अवजारं टांगलेली आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी. मधोमध टेबलावर नकाशा, त्यावर त्यांची बायको वाकलेली, आणि शेजारी डॉक्टर हातात दात कोरायचं बारीक हत्यार घेऊन नदीच्या काठचा लगदा खरवडून देत होते.

"या, साडूभाऊ," डॉक्टर म्हणाले. "बघा आमचा डेल्टा."

'आमचा' हा शब्द वेलांटीरावांना खुपला. त्यांनी सवयीनं चूक शोधायला सुरुवात केली. उजेडात नव्हती. जमिनीत नव्हती. शेवटी भिंतीवर सापडली.

"पक्कड या शब्दात क जोडाक्षर आहे," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही 'पकड' लिहिलंय."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. "अरे, खरंच की. किती वर्षं चुकीचं वाचतोय मी. थँक्यू हं." आणि तिथल्या तिथे नवी चिठ्ठी लिहून लावली. जाता जाता म्हणाले, "बाकीच्यापण बघून घ्या ना, एकदा तुमच्या नजरेखालून गेल्या म्हणजे काळजी नाही."

बाकीच्या सगळ्या बरोबर होत्या. वेलांटीरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून येताना ते इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरले. दुकानदार स्वतःच माल विकायचा आणि स्वतःच घरी येऊन बसवून द्यायचा.

"गॅरेजसाठी दिवे हवेत. ट्यूब."

"आता ट्यूब कशाला घेता साहेब? चोक आला, स्टार्टर आला, थंडीत लागायला वेळ. एलईडी घ्या. वीज निम्मी, मिचमिच नाही. परवाच दातांच्या डॉक्टरांकडे चार बसवले. फार चांगला माणूस. माझी दाढ काढली, कळलंसुद्धा नाही."

वेलांटीराव ट्यूब घ्यायचीच या निश्चयानं आले होते, कारण एलईडी घेणं म्हणजे डॉक्टरांची नक्कल करणं. पण दाढेचं ऐकल्यावर त्यांना नक्कल पुरेशी वाटेना.

"त्यांनी कोणते घेतले?"

"चार हजारवाले."

वेलांटीरावांनी खिसा चाचपला. "त्याच्या वरचं काय येतं?"

"साडेसहा हजार."

"त्याच्या वर?"

"घरात त्याच्या वर कुणी लावत नाही साहेब."

"मग साडेसहा हजारवालेच द्या. आठ."

दुकानदारानं पेन खाली ठेवला. "डॉक्टरांचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे. त्यांना चार पुरले. तुमचं..."

"मी तुम्हाला गॅरेज विचारलं का?"

"नाही."

"आणि त्यांच्याकडे नाही असं काही आहे का?"

दुकानदारानं थोडा विचार केला आणि सेन्सर काढला. माणूस आत आला की दिवे आपोआप लागतात, हालचाल थांबली की आपोआप विझतात. डॉक्टरांनी तो नको म्हटलं होतं. एवढं कळल्यावर वेलांटीरावांनी त्याचे बाकीचे गुण ऐकलेच नाहीत.

आयुष्यात पहिल्यांदाच एवढी उधळपट्टी करायची म्हणून ते गल्ल्यापाशी मन घट्ट करून उभे राहिले. दुकानदारानं बिल पुढे केलं. वेलांटीरावांनी ते दोनदा वाचलं. प्रूफ वाचावं तसं, बोट ठेवून.

"हे कमी लावलंय तुम्ही. साडेसहा हजार गुणिले आठ..."

"साडेसहा हजार ही किंमत नाही साहेब. उजेडाच्या रंगाचा आकडा आहे तो. चार हजार म्हणजे जरा मऊ, साडेसहा म्हणजे निळसर पांढरा, भर दुपारसारखा."

"ते मला माहीत आहे," वेलांटीराव म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो."

बसवायचं काम बायको घरी नसतानाच, म्हणजे रोजच्या संध्याकाळीच, गुपचूप उरकायचं ठरलं. जुन्या ट्यूब उतरल्या, चोक निघाला, आणि तीन संध्याकाळींत छताला आठ पट्ट्या लागल्या. गॅरेज इतकं अरुंद की शेवटच्या दोन भिंतीवर आडव्या लावाव्या लागल्या. "सेन्सर सध्या पंधरा सेकंदांवर ठेवलाय, तपासणीपुरता," दुकानदार म्हणाला. "नंतर येऊन वाढवून देतो." दाढ काढलेली बाजू कुरवाळत तो निघून गेला.

वेलांटीरावांनी मुख्य बटण बंदच ठेवलं, दिवे लावून पाहिले नाहीत. पहिला उजेड बायकोनं पाहावा, आणि तिनं तो पाहताना डॉक्टरांनीही पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. रविवारी दुपारी त्यांनी ताईला आणि डॉक्टरांना चहाला बोलावलं. बायकोला आश्चर्य वाटलं. सहा वर्षांत त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन बोलावलं नव्हतं.

चहा झाल्यावर ते सगळ्यांना गॅरेजच्या शटरपाशी घेऊन गेले.

"तुझ्यासाठी आहे," ते बायकोला म्हणाले. हे वाक्य त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं, पण म्हणताना आवाज थोडा कापला, आणि बायकोनं त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. तो क्षण फार चांगला होता. वेलांटीरावांनी तिथेच थांबायला हवं होतं.

चौघं आत शिरले. आतल्या काळोखाचा परिणाम राहावा म्हणून त्यांनी शटर पुन्हा खाली ओढलं आणि मुख्य बटण दाबलं. खाट करून आठच्या आठ पट्ट्या लागल्या.

पहिल्यांदा कुणालाच काही दिसलं नाही. मग सगळंच दिसलं. छताची कोळिष्टकं दिसली, भिंतीची ओल दिसली, ताईच्या केसांना लावलेला रंग कुठे संपतो ते दिसलं. आणि मागची भिंत दिसली. तिच्यावरचं लोखंडी रॅक, वरपासून खालपर्यंत, एखाद्या दुकानाच्या काचेतल्यासारखं लख्ख.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरांना भेटी द्यायची आवड होती. वाढदिवसाला, परीक्षेला, नव्या फ्रिजला, कशालाही ते काहीतरी घेऊन यायचे, आणि ते नेहमी चांगलं असायचं. वेलांटीरावांनी त्यांना आजवर एकच भेट दिली होती, शुद्धलेखनाच्या नियमांचं पुस्तक. त्यामुळे डॉक्टरांच्या भेटी घरात दिसल्या की त्यांना ते पुस्तक आठवायचं. मग ती वस्तू महिनाभरात कुठेतरी जायची. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं. काचेचे सहा ग्लास छापखान्याच्या समारंभात फुटले होते. वाचनाचा दिवा साहेबांनी मागून नेला होता. पाय दाबायचं यंत्र मोलकरणीच्या आईला दिलं होतं. आणि चौघांचा सहलीतला मोठा फोटो, ज्यात डॉक्टर मध्ये उभे होते आणि वेलांटीरावांचा फक्त कान आला होता, त्याची काच तडकली होती.

ते सगळं रॅकवर होतं. घड्याळ चालू होतं. वेलांटीरावांनीच मध्ये कधीतरी, ते बिचारं उगाच बंद पडेल म्हणून, त्यात नवा सेल घातला होता.

कुणी हललं नाही. बायको घड्याळाकडे बघत होती, ताई ग्लासांकडे, डॉक्टर फोटोकडे, आणि वेलांटीराव जमिनीकडे. कुणी पापणीसुद्धा लववली नाही. पंधरा सेकंद झाले आणि आठच्या आठ दिवे विझले.

काळोखात वेलांटीरावांना फार बरं वाटलं. असंच उभं राहावं, कुणी हात हलवू नये, हळूहळू सगळ्यांना विसर पडावा. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"दिवे गेले वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि चाचपडायला हात पुढे केला. खाट. सगळं रॅक पुन्हा हजर.

या वेळी तर वरच्या फळीवरचा इलेक्ट्रिक टूथब्रशसुद्धा दिसला. त्याचं खोकं अजून उघडलेलं नव्हतं.

डॉक्टर रॅकपाशी गेले. त्यांनी फोटो उचलला, फुंकर मारून धूळ उडवली, काच बोटानं तपासली. मग वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (साडेसहा हजारांत ते अगदी स्पष्ट दिसत होतं.)

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही हे सगळं असं जपून ठेवलंत? वापरून खराब होऊ नये म्हणून? मला वाटायचं, तुम्हाला आवडत नसेल मी आणलेलं. मी घरी म्हणायचोसुद्धा हिला."

"म्हणायचे," ताई म्हणाली. तिचा आवाज नवऱ्याइतका भरून आलेला नव्हता.

डॉक्टरांनी वेलांटीरावांना मिठी मारली. वेलांटीरावांचं तोंड त्यांच्या खांद्यावरून बायकोकडे झालं होतं. तिनं घड्याळ काढून काखेत घेतलं आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. वेलांटीराव दारात उभे राहिले.

"घड्याळ दुरुस्तीवरून कधी आलं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"आलं असेल मध्ये."

"आणि ग्लास? फुटलेले जुळले?"

वेलांटीराव दाराची कडी खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "तू दोन आठवडे रोज त्यांच्याकडे असतेस."

तिची सुरी थांबली. "मी त्यांच्याकडे नसते. नकाशाकडे असते."

"नदी ते खरवडत होते."

"तुम्हाला येऊन खरवडता आली असती. पण तुम्ही आलात तो पकडीचा क मोजायला." तिनं चिरलेली भाजी पातेल्यात टाकली. "मला वाटलं, संध्याकाळी तुम्हाला प्रुफं वाचायला शांतता हवी असते. मी असले की बडबड करते म्हणून तुम्ही चष्मा पुढे ओढता."

"तो मी नीट ऐकू यावं म्हणून ओढतो," वेलांटीराव म्हणाले. हे खरं होतं की नाही हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण म्हणताक्षणी ते खरं झालं. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली. या वेळचं हसू इथलंच होतं, याची त्यांनी खात्री करून घेतली.

"उजेड मात्र चांगला आहे," ती म्हणाली. "निळा रंग स्वच्छ दिसतो. समुद्र इथेच पुरा करते. नकाशा उद्या घरी आणू."

वेलांटीरावांचा जीव भांड्यात पडला. आठ पट्ट्यांनी काम केलं होतं.

सोमवारी नकाशा घरी आला. त्याच्यामागून ताई आली, कारण तिला आता किनाऱ्यावरच्या बारीक वाळूचा नाद लागला होता. तिच्यामागून डॉक्टर आले, हत्यारांचा डबा घेऊन. "तुमच्या उजेडापुढे आमचा काहीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचं काहीही वाईट वाटलेलं दिसलं नाही. वेलांटीरावांनाही नदीच्या वरच्या अंगाला एक छोटं धरण बांधायला मिळालं. त्यांनी ते तीनदा मोजून बांधलं. सेन्सरचा मात्र सगळ्यांना त्रास व्हायचा. बारीक काम करताना चौघंही स्तब्ध झाले की दिवे जायचे. मग एकानं आळीपाळीनं उभं राहून हात हलवायचा, असं ठरलं. पाळी बहुतेक वेलांटीरावांवर यायची.

प्रश्न राहिला गाडीचा. नकाशा आत, चार माणसं आत, डोंगर वाळत ठेवलेले, त्यामुळे गाडी रात्रंदिवस रस्त्यावर उभी राहायला लागली.

"असं कशाला?" डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे दोन गाड्यांची जागा आहे. नकाशा होईपर्यंत तिथे लावा."

नाही म्हणायला वेलांटीरावांना कारण सुचलं नाही. ते रोज संध्याकाळी गाडी दोन गल्ल्या पलीकडे ठेवून पायी घरी यायचे आणि सकाळी पायी जाऊन घेऊन यायचे. पाच-सहा दिवसांनी सकाळी ते गेले तर गाडी ओळखूच येईना. डॉक्टरांनी ती धुतली होती, पुसली होती, दारावरचे ओरखडे दात पॉलिश करायच्या पेस्टनं घासून काढले होते. त्या मऊ चार हजारी उजेडात ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. वेलांटीराव आत बसले, नेहमीप्रमाणे मनाची तयारी केली आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वेलांटीरावांसाठी ती आजवर एकदाही पहिल्या फटक्यात सुरू झाली नव्हती.